बॅटरीचे आयुष्य कोणत्या घड्याळाने मोजायचे?

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. पाण्यावर चालणारी त्यांची सोडियम-आयन बॅटरी १३,००० वेळा भरून रिकामी केल्यावरही काम देत राहिली, असे त्यात नमूद आहे. आकडा मोठा आहे आणि त्यामागचे काम उत्तम प्रतीचे आहे, याविषयी वाद नाही. परंतु कोणताही आकडा समोर आला की तो कसा मोजला आणि कोणाच्या सोयीने मोजला, हे विचारण्याची सवय आपल्या चळवळीने अंगी बाणवली आहे. गिरणीतील उत्पादकतेचे आकडे आपण असेच तपासत आलो. बॅटरीचा प्रश्न निघाला की मात्र आपण तो तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतो. तसे मोकळे होणे परवडणारे नाही, हे दाखविण्यासाठी हा लेख.

प्रथम हा विषय आपला का, ते सांगितले पाहिजे. सूर्यापासून मिळणारी वीज दुपारी मुबलक असते आणि दिवेलागणीला नसते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ पासून राबविला जात आहे. शेतीपंपांना दिवसा वीज देणे हा तिचा उद्देश. रात्री-अपरात्री, विंचूकाट्याच्या भयात पाण्याची पाळी धरणाऱ्या शेतकऱ्याची ही जुनी मागणी होती आणि ती पुरी होईल तेथे तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु पंप दिवसा चालला तरी घरातला दिवा, पिठाची गिरणी, आरोग्य उपकेंद्रातील लसींचे शीतकपाट आणि अभ्यासाला बसलेली मुले यांना वीज लागते ती सूर्य मावळल्यावर. ती आज बहुतांशी कोळशातून येते. दुपारची वीज रात्रीसाठी साठविण्याचा एक मार्ग म्हणजे पाणी उंचावर चढवून पुन्हा खाली सोडणे. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प तेच करतो. पण दोन तलाव आणि मध्ये कडा अशी जागा प्रत्येक तालुक्यात नसते. म्हणून बॅटरी. ती कशाची, कोणाच्या मालकीची आणि किती वर्षे टिकणारी, हे ठरविण्याची वेळ आताची आहे. एकदा एका जातीच्या बॅटरीवर हजारो कोटी रुपये गुंतले की पुढची पंधरा-वीस वर्षे तो निर्णय फिरविता येत नाही.

आज बाजारात लिथियमची चलती आहे. लिथियम बॅटरीत विजेचे वहन करणारा द्रव पेट घेणारा असतो. १६ जानेवारी २०२५ रोजी कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथील वीजसाठवण केंद्राला आग लागली तेव्हा आसपासच्या हजाराहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. त्याआधी २४ जून २०२४ रोजी दक्षिण कोरियात ह्वासॉंग येथे लिथियम बॅटऱ्यांच्या कारखान्यात आग लागून २३ कामगार मृत्युमुखी पडले. तेथे तयार होणाऱ्या बॅटऱ्या पुन्हा भरता न येणाऱ्या होत्या, त्यामुळे दोन्ही घटना एका मापाने मोजू नयेत. परंतु मृतांपैकी १८ जण परदेशातून, बहुतेक चीनमधून, पोटासाठी आलेले होते, ही गोष्ट कोणत्याही तांत्रिक फरकाने पुसली जात नाही. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टरखाली असते ती शिशाची बॅटरी. तिचे शिसे पुन्हा वितळविण्याचा धंदा उघड्या भट्ट्यांवर, वस्त्यांच्या कडेला चालतो. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात घातक प्रमाणात शिसे आहे, असा अंदाज युनिसेफने २०२० मध्ये मांडला. त्यामागच्या प्रमुख कारणांत या भट्ट्यांची गणना केलेली आहे.

या पार्श्वभूमीवर पाण्याच्या बॅटरीचे आकर्षण सहज समजण्यासारखे आहे. पाणी जळत नाही. सोडियम समुद्राच्या मिठात आहे. मँगनीज, टायटॅनियम, फॉस्फेट हे इतर पदार्थही दुर्मीळ नव्हेत. बॅटरी वजनाला जड होते, हा दोष खरा. पण गावच्या उपकेंद्राच्या आवारात ती एका जागी बसून राहणार आहे, तिला कोठे धावायचे नाही. मोटारीसाठी जो दोष ठरतो तो येथे दोष राहत नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण पाण्यातच आहे.

पाण्याच्या सहनशक्तीला मर्यादा आहे: १.२३ व्होल्ट. त्याहून अधिक विद्युत्दाब दिला की पाण्याचे विघटन सुरू होऊन ऋणाग्रावर हायड्रोजन आणि धनाग्रावर ऑक्सिजन सुटू लागतो. माध्यमिक शाळेत हा प्रयोग दाखविला जातो. व्यवहारात विघटन लगेच जोर धरीत नाही, त्यामुळे थोडी सवलत मिळते. तरीही लिथियम बॅटरीच्या तीन-साडेतीन व्होल्टपुढे ती अल्पच. पाण्याच्या सोडियम बॅटरीच्या ऋणाग्रासाठी सर्वाधिक अभ्यासलेला पदार्थ म्हणजे सोडियम टायटॅनियम फॉस्फेट. तो ज्या पातळीवर काम करतो ती हायड्रोजन सुटण्याच्या सीमेच्या किंचित पलीकडची आहे. म्हणजे प्रत्येक भरणीच्या वेळी थोडासा हायड्रोजन चोरपावलांनी सुटत राहतो. बंद डब्यात वायू साठून दाब वाढतो, हे झालेच. त्याहून वाईट म्हणजे ऋणाग्रालगतचे पाणी अल्कधर्मी होत जाते आणि तशा पाण्यात तो फॉस्फेट हळूहळू झिजतो. भरीस भर म्हणून हवेतून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन भरलेल्या ऋणाग्राशी अभिक्रिया करून साठविलेली वीज फुकट घालवितो. शांघायच्या फूदान विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये पाण्यावरील लिथियम बॅटरीच्या बाबतीत हे दाखवून दिले, आणि ऑक्सिजन काढून टाकताच बॅटरीचे आयुष्य कितीतरी वाढले. मला हा शोध विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यात कोणताही महागडा पदार्थ नव्हता. डब्यात हवा राहू द्यायची नाही, एवढेच त्याचे सार.

धनाग्राकडे वेगळेच दुखणे. तेथे बहुधा मँगनीजची संयुगे वापरतात, कारण ती स्वस्त आहेत. परंतु मँगनीजची एक मधली अवस्था अस्थिर असते. त्या अवस्थेतील दोन अणू आपसांत देवघेव करून एक वरच्या आणि एक खालच्या अवस्थेला जातो, आणि खालच्या अवस्थेतील मँगनीज पाण्यात उतरतो. धनाग्र असे आतून पोखरले जाते. ही सर्व हानी सावकाश होते. एका भरणीत ती मोजताही येत नाही. महिन्यांनी आणि वर्षांनी दिसते. उष्णतेत ती वेग घेते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीचे तापमान त्याहूनही चढेल. प्रयोगशाळेतील चाचणी मात्र बहुधा २५ अंशांच्या सुखद हवेत होते.

उपाय शोधले गेले नाहीत असे नाही. २०१५ मध्ये मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकन सैन्याची प्रयोगशाळा यांनी मिळून एक युक्ती काढली. पाण्यात लिथियमचा क्षार इतका विरघळवायचा की पाण्यात मीठ न राहता मिठात पाणी उरावे. मग पाण्याचे रेणू क्षाराच्या आयनांभोवती गुंतून पडतात, त्यांना फुटायला सवड मिळत नाही, आणि सहनशक्ती तीन व्होल्टपर्यंत वाढते. दोन वर्षांनी हीच युक्ती सोडियमला लावून अडीच व्होल्ट गाठले गेले. परंतु त्यासाठी वापरलेले क्षार फ्लोरिनयुक्त आणि अतिशय महाग. सैन्याला किंमत विचारावी लागत नाही, ग्रामपंचायतीला लागते. ज्या बॅटरीचे सारे समर्थन तिच्या स्वस्ताईवर उभे होते, तिलाच टिकाऊ करण्याच्या नादात महाग केले गेले. सोडियम परक्लोरेट हा क्षार स्वस्त आहे, तोही वापरतात. पण पिण्याच्या पाण्यात तो उतरला तर शरीरातील आयोडिनच्या शोषणाला अडथळा आणतो, हे सांगितल्यावाचून त्याची शिफारस कोणी करू नये.

ॲडलेडच्या गटाने निवडलेली वाट अधिक शहाणपणाची आहे. त्यांनी फ्लोरिन टाळला आणि पाणी मुद्दाम अल्कधर्मी केले. तसे केले की हायड्रोजन सुटणे अवघड होते. मात्र दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन सुटणे सोपे होते आणि प्रशियन ब्लू जातीचे धनाग्रही विरघळू लागते. त्यावर त्यांनी धनाग्रावर निकेल आणि कार्बनच्या सूक्ष्म कणांचा थर दिला. या थरामुळे धनाग्राच्या अगदी लगत आम्लधर्मी वातावरण निर्माण होते, आणि निकेलचे काही अणू धनाग्राच्या आत शिरून त्याची बांधणीही बळकट करतात. एकाच डब्यात दोन टोकांना दोन वेगळी हवामाने राखण्याची ही करामत आहे.

आता १३,००० या आकड्याकडे वळू. ही आवर्तने ज्या गतीने केली तिला तंत्रज्ञांच्या भाषेत ‘१० सी’ म्हणतात. म्हणजे सहा मिनिटांत बॅटरी भरायची आणि सहा मिनिटांत रिकामी करायची. एका आवर्तनाला बारा मिनिटे. १३,००० आवर्तनांना २,६०० तास, म्हणजे सुमारे १०८ दिवस. साडेतीन महिने! गावातील बॅटरी दिवसातून एकदा भरेल आणि एकदा रिकामी होईल. तिला १३,००० आवर्तने पुरी करायला पस्तीस वर्षे लागतील. साडेतीन महिन्यांत केलेल्या मोजणीवरून पस्तीस वर्षांची हमी निघत नाही, कारण हायड्रोजनचे सुटणे, मँगनीजचे उतरणे, फॉस्फेटचे झिजणे या क्रिया आवर्तने मोजत बसत नाहीत. त्या रात्रंदिवस, बॅटरी नुसती भरून ठेवलेली असतानाही चालू असतात. जलद गतीच्या चाचणीत त्यांना वेळच मिळत नाही. त्याच निबंधात वजनाच्या मानाने साठवणुकीचा आकडा किलोमागे ८८.९ वॅट-तास दिला आहे. तो मात्र अर्ध्या ‘सी’ गतीचा, म्हणजे दोन तासांत भरणे आणि दोन तासांत रिकामे करणे या हिशेबाचा. म्हणजे आयुष्य एका चाचणीतले आणि क्षमता दुसऱ्या चाचणीतली. निबंधात दोन्ही गती स्पष्ट लिहिलेल्या आहेत, संशोधकांनी काही लपविलेले नाही. परंतु असे आकडे प्रयोगशाळेबाहेर पडले की गती गळून पडते आणि आकडे तेवढे उरतात.

दोष संशोधकांचा नव्हे. प्रकल्पाचे अनुदान तीन वर्षांचे, शिष्यवृत्ती चार वर्षांची. दहा वर्षांची चाचणी त्यात बसत नाही. खाजगी भांडवलाचे घड्याळ तर त्याहूनही घाईचे. याचा धडा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात गिरविला गेला आहे.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील प्राध्यापक जे व्हिटेकर यांनी २००८ मध्ये ॲक्वियन एनर्जी ही कंपनी स्थापन केली. तिच्या बॅटरीत सोडियम सल्फेटचे पाणी होते, मँगनीज ऑक्साइडचे धनाग्र, कार्बन आणि टायटॅनियम फॉस्फेटचे ऋणाग्र, आणि दोन अग्रांच्या मध्ये सुती कापड. सोडियम सल्फेट म्हणजे व्हिस्कोज धाग्याच्या कारखान्यांत उपपदार्थ म्हणून निघणारा साधा क्षार. बॅटरीचे गुण वाखाणले गेले. व्हिटेकर यांना २०१५ मध्ये लेमेलसन-एमआयटी पुरस्कार मिळाला. बिल गेट्स यांच्यासह अनेक धनिकांनी मिळून सुमारे १९ कोटी डॉलर तिच्यात घातले. कारखाना उभा राहिला तो वेस्टमोरलँड परगण्यातील एका प्रचंड जुन्या इमारतीत. त्या इमारतीत १९७८ ते १९८८ या काळात फोक्सवॅगनच्या मोटारी तयार होत. फोक्सवॅगन गेली, १९९० पासून सोनीचे दूरदर्शन संच तेथे तयार होऊ लागले. वीस वर्षांनी सोनीही गेली. नंतर ॲक्वियन आली, आणि मार्च २०१७ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. बहुतेक कामगारांना घरी पाठविण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीची मालमत्ता सुमारे ९२ लाख डॉलरना विकली गेली. एका छपराखाली चाळीस वर्षांत तीन वेळा कामगारांनी आपले डबे उचलले. त्यांच्यापैकी कोणाचीही कारागिरी कमी पडली नव्हती.

ॲक्वियनची बॅटरी रसायनाच्या परीक्षेत नापास झाली म्हणून बंद पडली नाही. चीनमधील प्रचंड उत्पादनामुळे लिथियमच्या बॅटऱ्यांचे भाव कोसळत होते आणि गुंतवणूकदारांना आणखी पाच-सात वर्षे थांबायचे नव्हते. पाण्याच्या बॅटरीचे खरे गुण, म्हणजे आग न लागणे, विषारी नसणे, जिरेसाल पडून राहिली तरी धोका नसणे, यांपैकी एकाचीही किंमत बाजारभावात धरली जात नाही. लिलावात यंत्रे आणि पेटंटे विकली गेली. कामगारांच्या हाताला लागलेली जाण लिलावात निघत नाही, ती विखुरते. सोडियमचीच, पण पाण्याऐवजी दुसरा द्रव वापरणारी नॅट्रॉन ही दुसरी अमेरिकन कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये अशीच बंद झाली.

याउलट चीनमध्ये ह्युबेई प्रांतातील छ्येनच्यांग येथे जून २०२४ च्या अखेरीस १०० मेगावॅट-तासांचे सोडियम बॅटरीचे केंद्र सुरू झाले. ते दातांग या सरकारी वीज कंपनीचे आहे आणि त्यातील बॅटऱ्या चीनच्या विज्ञान अकादमीतील संशोधनातून उभ्या राहिलेल्या कंपनीच्या आहेत. या बॅटऱ्या पाण्याच्या नव्हेत. चिनी राज्यव्यवस्थेविषयी आपले मतभेद जगजाहीर आहेत आणि ते या उदाहरणाने मिटत नाहीत. परंतु नवे तंत्र कच्चे असताना ते विकत घेऊन वापरून पाहणारा सरकारी ग्राहक असला तर काय घडते, हे तेथे दिसते.

आपल्याकडे काय घडले? केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये प्रगत बॅटऱ्यांच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. २०२२ मध्ये जे करार झाले ते रिलायन्स, ओला आणि राजेश एक्स्पोर्ट्स यांच्याशी. यांतील शेवटची कंपनी सोन्याच्या दागिन्यांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. रिलायन्सने २०२१ च्या अखेरीस फॅराडियन ही सोडियम बॅटरीची ब्रिटिश कंपनी १० कोटी पौंडांच्या मूल्याने खरेदी करण्याचा व्यवहार जाहीर केला. पुण्यात ‘आयसर’ या सरकारी संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेली सोडियम बॅटरी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली ती केपीआयटी या खाजगी कंपनीच्या नावाने. ही सर्व कामे पाण्याव्यतिरिक्त द्रवांवरची आहेत. पाण्याच्या बॅटरीला या यादीत धनी नाही. मोटारीत ती चालणार नाही, आणि मोटार नाही तर नफ्याची घाई असलेल्या भांडवलाला तिच्यात रस नाही.

आणि तरीही तिच्यासाठी लागणारे जवळजवळ सर्व काही सार्वजनिक क्षेत्राच्या हाती आहे. नागपूरला मुख्यालय असलेली ‘मॉइल’ ही सरकारी कंपनी नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांतून मँगनीज काढते. २०१० मध्ये तिचे काही समभाग बाजारात विकले गेले, पण मालकी अद्याप सरकारची आहे. टायटॅनियमची वाळू केरळात चवरा येथे आहे, आणि तेथे केंद्राची ‘आयआरईएल’ व राज्याची ‘केएमएमएल’ या दोन सरकारी कंपन्या काम करतात. २०२३ च्या खनिज कायद्यातील दुरुस्तीने टायटॅनियमची खनिजे अणुखनिजांच्या यादीतून काढून खाजगी क्षेत्राला वाट करून दिली, हे येथेच नोंदविले पाहिजे. याविरुद्ध आवाज उठविण्याची वेळ अजून गेलेली नाही. विद्युत्-रसायनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा तमिळनाडूतील कारैक्कुडी येथे १९४८ मध्ये स्थापन झालेली आहे. वीज वितरणाची कंपनी राज्य सरकारची आहे. खनिज आपले, प्रयोगशाळा आपली, ग्राहकही आपलाच. तुटलेला आहे तो त्यांना जोडणारा दुवा.

आपल्यातील काही सहकारी म्हणतील की लिथियमची बॅटरी इतकी स्वस्त झाली असताना ही उठाठेव कशाला. मुद्दा हलका नाही. २०२४ मध्ये लिथियम बॅटरीसंचाची जागतिक सरासरी किंमत किलोवॅट-तासामागे ११५ डॉलरपर्यंत उतरली होती, आणि आज गरीब गावाला रात्रीची वीज मिळत असेल तर तत्त्वाच्या नावाखाली ती अडवू नये. परंतु या भावात आगीचा विमा, आयातीचे परावलंबन आणि निकामी बॅटऱ्यांची विल्हेवाट धरलेली नाही. शिशाच्या भट्ट्या जेथे आहेत तेथेच उद्या लिथियमचा कचरा जाणार, आणि तो उपसणारी माणसे तीच असणार. शिवाय पर्याय तयार करायला दहा वर्षे लागतात. भाव चढल्यावर ते काम सुरू करता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी विधानसभेत, ग्रामसभांत आणि वीज नियामक आयोगापुढील सुनावण्यांत एक नेमकी मागणी लावून धरावी. कारैक्कुडीच्या प्रयोगशाळेने पाण्याच्या सोडियम बॅटरीचे संच तयार करून ते विदर्भाच्या उन्हात आणि कोकणच्या दमट हवेत, प्रत्यक्ष गावांत बसवावेत. दिवसातून एक आवर्तन, किमान दहा वर्षे. दर महिन्याला त्यांची क्षमता, डब्यातील वायूचा दाब आणि बिघाड यांची नोंद मराठीत प्रसिद्ध व्हावी. कोणता संच का निकामी झाला, हेही त्यात यावे, कारण खाजगी कंपनी सर्वांत आधी झाकते ती हीच माहिती. नोंदी ठेवण्याचे काम गावातील आयटीआय झालेल्या मुलामुलींना पगारी द्यावे. आणि चाचणीत टिकलेला संच महावितरण ठरावीक भावाने घेईल, असे आधीच लेखी बांधून घ्यावे. अन्यथा दहा वर्षांनंतर आपल्या हाती एक अहवाल उरेल आणि कारखाना दुसऱ्याचा असेल.

पहिली जागाही सुचविता येते. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे मॉइलची उघडी खाण आहे. तेथे निघणारे मँगनीज डायऑक्साइड सुक्या बॅटऱ्यांच्या उद्योगाला जाते, आणि बॅटरीसाठी लागणारे शुद्ध मँगनीज डायऑक्साइड विजेच्या साहाय्याने तयार करण्याचा कारखानाही मॉइलने तेथे चालविला आहे. पहिला संच खाण कामगारांच्या वसाहतीतच बसवावा. तेथील संघटनेने तसा ठराव येत्या सभेत मांडून मॉइलच्या व्यवस्थापनाकडे आणि भंडाऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.